डावा खांदा

खांदा दुखायला लागला तेव्हा शीतल वडा मोडत होती. निवतीच्या बंदराला लागून असलेल्या खानावळीत गरम वडे आणि कोंबडीचा रस्सा पुढ्यात आला होता. समोर धाकटी बहीण मृणाल दोन्ही कोपरं टेबलावर टेकून मन लावून जेवत होती. आणि शीतलच्या डाव्या खांद्यात कुणीतरी आतून अंगठा दाबून धरला होता. दुखतंय म्हणावं तर तेवढं दुखत नव्हतं. नाही म्हणावं तर लक्ष सारखं तिकडेच जात होतं.

तिनं हात वर केला, मागे नेला, गोल फिरवला. दुखणं वाढलं नाही, कमीही झालं नाही.

“काय गं ताई? जेवताना व्यायाम?”

“टाकी उचलताना हिसका बसला वाटतं.”

“तरी म्हणत होते, टाकी तू उचलू नकोस. पन्नाशी उलटलीय तुझी.”

शीतलनं मान डोलावली. हिसका बसला होता का? आठवेना. हवेची टाकी तर होडीवरच्या लवू तांडेलांनीच वर घेतली होती.

दोघी सकाळपासून दोनदा पाण्यात उतरल्या होत्या. निवतीसमोरच्या समुद्रात, माशांना घर व्हावं म्हणून मुद्दाम बुडवलेलं एक जुनं जहाज होतं. त्याच्या तुटक्या शिडीवरून दोघी बहिणी हात धरून पोहल्या होत्या. शीतल पोहायला शिकली तीच मुळी सत्तेचाळिसाव्या वर्षी आणि डायव्हिंग त्यानंतर. कोल्हापुरात शाहूपुरीत तिची दातांच्या कवळ्या बनवायची प्रयोगशाळा होती. दिवसभर मान खाली घालून मेणात आणि प्लास्टरमध्ये दात बसवायचे. त्यामुळे पाण्याखाली शरीर तरंगायला लागलं की मानेवरून कुणीतरी ओझं उतरवून घेतल्यासारखं तिला वाटे. मृणाल पुण्यात इंजिनिअर. दोघींची भेट होई ती लग्नाकार्यात, तीही घाईत. म्हणून मृणालनं “माझ्या चाचणीसाठी पन्नाशीपुढच्या बायका हव्यात, येतेस का?” असं विचारलं तेव्हा शीतलला कळलं होतं, की चाचणी हे निमित्त आहे.

चाचणी होती ‘कानोसा’ची.

गळ्याच्या हाडाखाली चिकटवायची, सुपारीएवढी गोल पट्टी. मृणालनं नऊ वर्षं त्यातच घातली होती. माणूस पाण्यात खोल जातो तेव्हा त्याच्यावरचा दाब वाढतो आणि श्वासातला नायट्रोजन रक्तात, चरबीत, सांध्यांत मुरत जातो. वर येताना दाब कमी होतो आणि हा मुरलेला वायू बाहेर पडू लागतो. सावकाश आलं तर तो फुप्फुसांतून गुपचूप निघून जातो. घाई झाली, किंवा शरीरानं काही कारणानं साथ दिली नाही, तर त्याचे बुडबुडे होतात. सोड्याची बाटली उघडल्यावर होतात तसेच, फक्त माणसाच्या आत. डायव्हर लोक या आजाराला ‘बेंड्स’ म्हणतात. मोठा झटका आला तर कुणालाही कळतो, माणूस लुळा पडतो. पंचाईत असते ती सौम्य आजाराची. थकवा, कुठेतरी ठणका, खाज, मुंग्या. बाहेर दिवसभर उन्हात फिरलेल्या कुठल्या माणसाला यातलं काहीच होत नाही?

कानोसा हा घोळच संपवणार होता. हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा आवाज ती पट्टी ऐके. बुडबुडा गेला की तिला टिचकीसारखा आवाज येई. टिचक्या मोजून पट्टी निकाल देई: हिरवा, पिवळा किंवा तांबडा. हिरवा असेल तर माणूस निर्धास्त. शिवाय घाट चढायला हरकत आहे की नाही, हेही ती सांगे. कारण डायव्हिंगनंतर डोंगर चढणं म्हणजे आणखी एकदा दाब कमी करणं. कोकणात बुडी मारून संध्याकाळी देशावर परतणाऱ्यांना पूर्वी एक दिवस खालीच थांबावं लागे. आता ते पट्टीकडे बघत आणि गाडी काढत.

लवू तांडेल खानावळीच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी दोघींच्या गळ्याकडे नजर टाकली.

“हिरवो दिवो हा दोघांचो. बिनधास्त जावा, बाईनू.”

“बघितलंस?” मृणाल हसली. “पूर्वी हेच लवूकाका प्रत्येकाला धरून विचारायचे, खंय दुखता काय, खाजता काय. आता नुसता दिवा बघतात.”

शीतलही हसली. टेबलाखाली तिचा उजवा हात पोटावर खाजवत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्यात कानोसाला मान्यता देणाऱ्या समितीची बैठक होती. सगळ्या किनाऱ्यावर कानोसाचाच निकाल अंतिम मानायचा की नाही, हे त्या बैठकीत ठरणार होतं. म्हणून आजच फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठायचं, रात्री शीतलकडे मुक्काम आणि सकाळी मृणाल पुढे जाणार.

---

महामार्गावर गाडी आपली आपण चालत होती. मृणाल मांडीवर बैठकीची तयारी घेऊन स्वतःशीच पुटपुटत होती. शीतलला झोप येत होती, पण ती झोपेसारखी झोप नव्हती. अंगावर ओली गोधडी टाकल्यासारखी मरगळ होती. खांद्यातला अंगठा तसाच होता. आता तो जरा खाली, दंडापर्यंत सरकला होता. की पहिल्यापासून तिथेच होता?

“ताई, हे ऐक. ‘आजवरच्या चाचण्यांत हिरवा निकाल चुकल्याची एकही नोंद नाही.’ सुरुवात अशी करू?”

“कर.”

“की आधी आकडे सांगू?”

“मला काय विचारतेस? तुला पाहिजे ते कर ना!”

आवाज एवढा चढला की शीतलच दचकली. मृणालनं तिच्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघायला लागली. ओरस मागे पडलं. कसाल मागे पडलं. माफी मागावी असं शीतलला वाटलं, पण नेमकी कशाबद्दल ते तिला शब्दांत धरता येईना. आपण असं बोलत नाही. मग आत्ता कोण बोललं?

डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट यांत बारीक झिणझिण्या येत होत्या. तिनं ओढणीच्या काठावरची शिलाई त्या बोटांनी चाचपली. बोटं हे तिचं पोटापाण्याचं साधन. कवळीवर केसाएवढा उंचवटा राहिला तरी तो तिला डोळ्यांआधी बोटाला कळे. आत्ता शिलाई लागत होती, पण मध्ये काहीतरी असल्यासारखी, पातळ हातमोजा घातल्यासारखी. उजव्या हाताला तशी लागत नव्हती. मग तिनं पुन्हा डाव्यानं चाचपली, आणि या खेपेला दोन्हीकडे सारखीच वाटली.

झिणझिण्या तर दिवाळीपासून अधूनमधून येतच होत्या. मान खाली घालून काम करणाऱ्याला येतातच, डॉक्टरांनीही तसंच सांगितलं होतं. डायव्हिंगचा वेटसूट घट्ट असल्यानं पोटाला खाज. जेवण जड झाल्यानं सुस्ती. टाकीनं खांदा. प्रत्येक गोष्टीला वेगळं कारण होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. फक्त ती सगळी एकाच दुपारी कशी जमली, एवढंच पटत नव्हतं.

आणि गळ्याखाली हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता.

बोलावं का? बोलण्याच्या बाबतीत शीतल एकदा भाजली होती. मृणालच्या लग्नात, अक्षता हातात घेऊन सगळे उभे असताना, तिच्या छातीत कळ आली होती. ती खाली बसली, आरडाओरडा झाला, वरातीचीच गाडी काढून तिला दवाखान्यात नेलं आणि मुहूर्त टळला. निघालं काय, तर पित्त. त्याला एकवीस वर्षं झाली, तरी घरात कुणी “मला बरं वाटत नाही” म्हटलं की कुणीतरी म्हणायचंच, “शीतलसारखं की खरंखरं?” सगळे हसत. तीही हसे. त्यानंतर ती आपल्या दुखण्याबद्दल घरात बोलायचीच बंद झाली होती. एकदा तर पायाचं हाड मोडलेलं असताना ती चार दिवस लंगडत कामावर गेली होती.

तेव्हा वाटत होतं ते खरं नव्हतं. मग आत्ता वाटतंय ते खरं कशावरून?

---

फोंड्यानंतर मृणालनं गाडी स्वतःच्या हातात घेतली. घाटाची वळणं सुरू झाली. खाली हिरवी दरी उघडत गेली, हवा थंड झाली, आणि शीतलच्या खांद्यातला अंगठा वळणागणिक आत रुतत गेला.

आधी तिला वाटलं, गाडीच्या हिसक्यांनी होतंय. गाडी सरळ रस्त्यावर आली तरी ते थांबलं नाही. अर्ध्या घाटात चहाची टपरी होती. “थांबव जरा,” ती म्हणाली.

टपरीमागच्या बाथरूममध्ये फुटका आरसा होता. शीतलनं कुर्ता वर केला. पोटावर जांभळट, निळसर रेघांची जाळी उमटली होती, संगमरवरावर असते तशी. तिनं बोटानं दाबून पाहिली. जाळी क्षणभर फिकी पडली आणि परत आली. वेटसूटचा वळ असा असतो? वळ सरळ असतो ना? की घडी पडल्यावर असाही पडत असेल?

तिनं स्वतःची परीक्षा घ्यायचं ठरवलं. डायव्हिंग शिकताना सांगितलं होतं, शंका आली तर शंभरातून सात-सात वजा करत जा. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... पुढे? बहात्तर. की एकाहत्तर? डोकं चालत नाही म्हणून जमेना, की तिला हे शाळेतही जमत नव्हतं म्हणून? गणितात ती पहिल्यापासून कच्ची. आरशातल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बघून तिला हसू आलं, आणि मग एकदम रडू.

बाहेर मृणाल दोन चहा घेऊन उभी होती.

“मृणाल, माझं काहीतरी बिनसलंय.”

मृणालनं आधी बहिणीच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग गळ्याखालच्या दिव्याकडे. मग एक कप शीतलच्या हातात देऊन तिनं फोनवर आकडे तपासले. “हिरवा आहे, ताई. एकसुद्धा टिचकी नाही. सकाळपासून नाही.”

“खांदा दुखतोय. बोटांना मुंग्या आहेत. पोटावर हे असलं आलंय.” तिनं कुर्ता जरासा उचलून दाखवला.

मृणाल वाकून बघत राहिली. टपरीच्या सावलीत ती जाळी फिकी दिसत होती. “वेटसूटचं असेल,” ती सावकाश म्हणाली. “खांद्याला टाकीचा हिसका बसला, असं तूच म्हणालीस.”

“हे तसलं दुखणं नाही.”

“म्हणजे कसलं?”

“सांगता येत नाही गं. तेच तर.”

“मग मी काय समजायचं?” मृणाल म्हणाली. “उद्या बैठक आहे. आत्ता मागे फिरलो तर... ताई, तू मघाशी माझ्यावर ओरडलीस, तेव्हापासून मला कळतच नाहीये तुझं काय चाललंय. तुला मुळात यायचंच नव्हतं का?”

शीतलनं चहाचा कप कट्ट्यावर ठेवला. डोक्यातल्या धुक्यातून एकच साधा प्रश्न वर आला होता, आणि तोही विरून जाईल अशी भीती वाटून तिनं तो पटकन विचारून टाकला.

“तुझी पट्टी रक्तातलं ऐकते ना? बुडबुडा रक्तात नसेल, सांध्यातच होऊन तिथेच बसला असेल, तर तिला ऐकू येतं का?”

घाटातून एक ट्रक घरघरत वर गेला.

“येतं का?”

“नाही.” मृणालनं मान वळवली. “पण असं फार क्वचित होतं. आम्ही हिशोबात धरतच नाही, इतकं क्वचित.”

“मग मी त्या क्वचितातली असेन.”

मृणालनं चहा तसाच ओतून दिला आणि गाडीचं दार उघडलं. तिनं गाडी वळवली ती खालच्या दिशेला.

मागच्या सीटखाली चाचणीच्या सामानात ऑक्सिजनचा सिलिंडर होता. मृणालनं शीतलला आडवं केलं, तोंडावर मास्क बसवला आणि डायव्हर लोकांवर उपचार करणाऱ्या ओरसच्या समुद्रोपचार केंद्रात फोन लावला. तिथल्या डॉक्टर शबाना मुकादम तिच्या ओळखीच्या होत्या. त्यांचा आवाज गाडीत घुमला. “ऑक्सिजन काढू नका. थोडं थोडं पाणी पाजा. झोपून बरं वाटेल म्हणून झोपू देऊ नका, बोलत ठेवा. आणि गाडी हळू आणा, हिसके नकोत.”

“ताई, बोल काहीतरी.”

“काय बोलू?” मास्कमधून शीतलचा आवाज घोगरा आला.

“काहीही. मला शिव्या घाल.”

घाट उतरताना अंगठा सैल होत गेला. ऑक्सिजननं, की खाली आल्यानं, की कुणीतरी आपलं ऐकून गाडी वळवली म्हणून? शीतलला ठरवता येईना. आणि दुखणं जसजसं कमी होत गेलं, तसतशी तिला नवी भीती वाटायला लागली. केंद्रात पोचेपर्यंत सगळंच थांबलं तर? पुन्हा पित्त निघालं तर?

---

डॉक्टर मुकादम ठेंगण्या, गोल चष्म्याच्या, आणि फारसं न हसणाऱ्या बाई होत्या. त्यांनी शीतलला टाचेला बोटं लावून सरळ रेषेत चालायला लावलं, डोळे मिटून उभं केलं, दोन्ही हात ढकलून ताकद पाहिली. मग कापूस आणि टाचणी घेऊन बोटांपासून खांद्यापर्यंत आल्या.

“इथे?”

“कळतंय.”

“इथे?”

“कळतंय. म्हणजे... कळतंय, पण लांबून.”

डॉक्टरांनी पोटावरची जाळी दिव्याखाली निरखली. “बरं. आता सरळ सांगते. हा बेंड्स आहे असं छातीठोकपणे सांगणारी तपासणी जगात नाही. डायव्ह केलंय, त्यानंतर हे सुरू झालंय, घाटात वाढलंय, ऑक्सिजननं उतरलंय. हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतं. नसेलही. पण शंका आहे तोवर उपचार करायचा, हा आमचा धडा. वाट बघत बसलं तर बोटांचं हे कायमचं राहू शकतं.”

“मग चेंबरमध्ये घ्या,” मृणाल म्हणाली.

“घेईन की.” डॉक्टरांनी शेजारच्या खोलीकडे हात केला. काचेपलीकडे पांढरं, पिंपासारखं आडवं चेंबर होतं. त्यात हवेचा दाब वाढवला की बुडबुडे पुन्हा आक्रसतात आणि मग माणसाला सावकाश, तासांच्या हिशोबानं वर आणता येतं. “पण ते उघडत नाही ना. निकाल हिरवा आहे. हिरव्याला कुलूप निघत नाही. नियम तुमचाच आहे, मॅडम.”

तो नियम खरंच मृणालनं लिहिला होता. पर्यटकांची गर्दी वाढली, तसं कुणाचीही मान आखडली की तो चेंबर मागायला येई आणि खऱ्या रोग्याला ताटकळावं लागे. म्हणून चाचणीपुरतं चेंबरचं कुलूप कानोसाला जोडलेलं होतं.

“वरून परवानगी मागवता येईल,” डॉक्टर म्हणाल्या, “पण आज ती मिळेल असं वाटत नाही. दुसरा रस्ता म्हणजे, यंत्राची जबाबदार व्यक्ती म्हणून तुम्ही नोंदवायचं, की हा निकाल मानू नये. लगेच कुलूप निघेल.”

“आणि ती नोंद लगेच समितीकडे जाईल.”

“हो. लगेच.”

शीतल पलंगावर मास्क लावून बसली होती. मृणाल तिच्याजवळ येऊन टेकली. तिच्या केसांना अजून समुद्राचा वास येत होता.

“ताई, आता कसं वाटतंय? खरं सांग. तू म्हणशील तसं करू.”

सगळं येऊन तिच्या शब्दावर अडलं होतं. पट्टी ‘काही नाही’ म्हणत होती, डॉक्टर ‘असेल’ म्हणत होत्या, आणि दुखत होतं की नाही हे सांगू शकणारी जगात एकटी शीतल होती. तिलाच ते माहीत नव्हतं. तिनं खांद्यात शोधलं. अंगठा गेला होता. की आपण शोधतोय म्हणून तो लपलाय? “गेलं गं” एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर मृणाल उद्या बैठकीला उभी राहिली असती आणि नऊ वर्षं वाया गेली नसती. आणि कदाचित ते खोटंही ठरलं नसतं.

तिनं डाव्या हाताची करंगळी अंगठ्यावर घासली. मग उजव्या हाताची. पुन्हा डावी. कवळीवरचा उंचवटा शोधताना ती जसं जगातलं बाकी सगळं विसरून जाई, तसं विसरून तिनं त्या एवढ्याशा कातडीकडे लक्ष दिलं.

“खांद्याचं मला सांगता येत नाही,” ती शेवटी म्हणाली. “कमी आहे. असेल, नसेल. पण ही दोन बोटं माझी नाहीत. सकाळी होती, आत्ता नाहीत. एवढं मला कळतं.”

मृणालनं तिची ती दोन बोटं क्षणभर स्वतःच्या मुठीत धरली. मग उठून ती डॉक्टरांच्या टेबलाशी गेली आणि पडद्यावर अंगठा टेकवला. काचेपलीकडे कुलूप खट् आवाज करून निघालं.

“तुम्हीही आज पाण्यात होता,” डॉक्टर तिला म्हणाल्या. “सोबत बसणार असाल तर मास्क तुम्हीही लावायचा.”

आत दोघींना जेमतेम बसता येई एवढी जागा होती. दार बंद झालं, हवा गरम झाली, कानात दडे बसले. दोघींनी नाक दाबून ते उघडले, सकाळी पाण्यात केलं होतं तसंच. दाब वाढत वाढत सकाळच्या जहाजाएवढ्या खोलीला आला. फक्त इथे पाणी नव्हतं, मासे नव्हते, आणि बोटं हळूहळू तिला परत मिळत होती. आधी शेजारचं बोट, मग करंगळी. पण हेही खरंच होत होतं, की व्हावंसं वाटत होतं म्हणून?

“मृणाल.”

“हं.”

“तुझ्या लग्नात ते पित्त होतं. पण दुखत खरंच होतं गं मला.”

मृणालनं मास्क बाजूला केला नाही. तिनं होकारार्थी मान हलवली.

---

बैठक झाली, पण मृणालविना. कानोसाला मान्यता मिळाली नाही, चेंबरची कुलपं काढून टाकायला सांगण्यात आलं आणि सगळ्या चाचण्या पुन्हा तपासायचा हुकूम निघाला. पुढचे काही आठवडे मृणालचा फोन आला नाही. शीतलनं केला तर ती “कामात आहे” म्हणून ठेवून देई. बहीण आपल्यावर चिडली आहे की स्वतःवर, हे शीतलला कळत नव्हतं. एकदा तर तिला वाटून गेलं, की त्या दिवशी ‘गेलं’ म्हणाले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्याच क्षणी तिनं करंगळीकडे बघितलं.

मग एका सकाळी फोन वाजला. शीतल तेव्हा एका आजोबांची खालची कवळी घासत बसली होती.

“ताई, मी सगळ्यांना फोन केले,” मृणालनं एकदम सुरुवात केली. तिचा आवाज कित्येक दिवस न झोपलेल्या माणसाचा होता. “चाचणीतल्या सगळ्यांना. ज्यांचा दिवा हिरवा होता त्यांना. नुसतं विचारलं, त्या दिवशी अंगात काही वाटलं होतं का. बहुतेकांना काहीच नव्हतं. पण डहाणूचे एक गृहस्थ म्हणाले, गुडघा आठवडाभर ठणकत होता. एक मुलगी म्हणाली, पायाला मुंग्या होत्या, नंतर आपोआप गेल्या. आणखीही आहेत. मी म्हटलं, मग सांगितलं का नाही? सगळ्यांचं उत्तर एकच. दिवा हिरवा होता ना.”

शीतलनं घासायचं यंत्र बंद केलं.

“एकही नोंद नाही, असं मी अभिमानानं म्हणत होते. नोंद कुठून असणार? मीच सगळ्यांना गप्प केलं होतं.” मग तिनं विचारलं, “तुझा खांदा कसा आहे?”

“बरा आहे.”

“खरं सांग.”

“खरं म्हणजे मला कळत नाही गं. कधी आहे वाटतं, कधी नाही. बोटंसुद्धा तशीच. आता तुला काय सांगायचं त्यात?”

“तेच सांग.”

“अगं, नुसता गोंधळ आहे.”

“गोंधळ आहे तसाच सांग. मला वेळ आहे.”

शीतलनं कवळी पाण्याच्या वाटीत ठेवली, हात पुसले आणि स्टुलावर नीट टेकून बसली.

“आज सकाळी उठले तेव्हा काहीच नव्हतं,” ती म्हणाली. “मग चहाचा कप उचलला आणि वाटलं, इथे, काखेच्या जरा वर... नाही, थांब. कप उचलायच्या आधीच वाटलं होतं.”